एका देहातले तिघे



महागावच्या श्रोत्यांपुढे बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही चालकांचे आभारी आहोत. आजचा विषय आहे ‘दुसरा मी’. विषय ऐकून कोणास वेदान्ताची धास्ती वाटली असेल, तर ती सोडावी. आम्ही एका माणसाचीच गोष्ट सांगणार आहोत.

‘दुसरा मी’ ही कल्पना जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने खऱ्या मित्रालाच दुसरा मी मानले. पुढे 1886 साली स्टीव्हन्सनने डॉक्टर जेकिलची कथा लिहिली आणि बाहेरचा हा दुसरा माणसाच्या आत, तोही खलरूपाने, जाऊन बसला. मित्र आणि शत्रू अशी ही त्याची दोन रूपे.

आमच्या मराठीत तर एका देहात तिघे नांदले. राम गणेश गडकरी 1885 साली नवसारीस जन्मले आणि 23 जानेवारी 1919 रोजी आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले. वय अवघे तेहतीस. तेवढ्या काळात नाटके लिहिली ती गडकऱ्यांनी, कविता लिहिल्या ‘गोविंदाग्रजां’नी आणि विनोद केला ‘बाळकरामा’ने. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. धाकट्या भावाच्या नात्यातून घेतलेले हे नाव. हा कवी विफल प्रेमासाठी झुरतो, मरणाशी बोलतो. इकडे बाळकराम ठकीच्या लग्नाच्या खटपटीत मग्न! एवढ्यावर न थांबता तो ‘कवींचा कारखाना’ लिहून कविमंडळींची यथेच्छ टर उडवतो. म्हणजे एकाच घरातला एक रडतो आणि दुसरा त्या रडण्याच्या तऱ्हेला हसतो.

मग यांत खरे गडकरी कोणते? आम्हांस वाटते, तिघेही खरे. प्रत्येकाला नाव मिळाले, बोलण्याची मुभा मिळाली, म्हणून कोणी कोणाचा गळा दाबला नाही. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ पाहा. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात बाळकराम ओळखू येतो, सिंधूच्या दुःखात गोविंदाग्रज. आपल्या तालुक्यात हिवरा संगमला पूस पैनगंगेस मिळते, तशी ही भेट आहे.

परंतु त्याच नाटकातला सुधाकर पाहा. बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळ जाते. हा घाव तो कोणास मोकळेपणी सांगू शकत नाही. त्याच्या आतल्या दुखावलेल्या माणसाला वाचा नाही. ती मिळते फक्त प्याल्यात. पुढे काय घडते, ते आपण जाणताच. सिंधूसारखी पत्नी घरात असूनही तो एकटा पडतो.

हे आम्ही येथे मुद्दाम बोलतो. आपला जिल्हा कापसाचा. पीक बुडाले, कर्ज थकले, तरी माणूस सकाळी स्वच्छ टोपी घालून पारावर येतो, चार गोष्टी हसून बोलतो. ‘कसं काय?’ विचारले तर ‘बरं हाय’ म्हणतो. रात्री अंथरुणावर तळमळणारा दुसरा मात्र कोणास दिसत नाही. कधी कधी त्याच्या बायकोसही नाही. एखाद्या सकाळी भलतीच बातमी येते आणि सारे गाव म्हणते, ‘काल तर हसत होता!’ यवतमाळ जिल्ह्याने ही बातमी फार वेळा ऐकली आहे. काल हसणारा खोटा नव्हता, परंतु तो अर्धाच होता.

प्रत्येकास कविता लिहिता येत नाही, टोपणनावही घेता येत नाही. मग या दुसऱ्याने बोलावे कोणाशी? येथे ॲरिस्टॉटलचा मित्र आम्हांस आठवतो. आतल्या दुसऱ्याला बाहेर एक दुसरा हवा. ‘बरं हाय’ एवढ्यावर न उठता आणखी घटकाभर बसणारा, कोणाची फजिती चारचौघांत न नेणारा. असा माणूस होणे आपल्यापैकी कोणासही अवघड नाही.

आज घरी जाताना आपल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर थोडे टेकावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.