ग्रहदर्शन आणि बेताच्या खर्चातील नेत्रिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



एका हितचिंतकांनी मंडळाला १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण भेट दिली, हे आपण जाणताच. २०२४ च्या डिसेंबरात गुरू वृषभ राशीत होता आणि मध्यरात्री आपल्या भोपाळच्या जवळजवळ माथ्यावर येत होता. ग्रह पाहण्यास याहून सोयीचा योग विरळाच. आम्ही गच्चीवर दुर्बीण मांडली, रांग लागली. डोळ्यापाशी बसवायची नेत्रिका, जिला बाजारात आयपीस म्हणतात, ती आम्ही हौसेने सर्वांत मोठे रूप दाखवणारी लावली. पहिल्या दहा-बारा मंडळींनी ‘वा, दिसला!’ म्हणून समाधान व्यक्त केले. मग सात वर्षांची एक मुलगी डोळा लावून म्हणाली, ‘काका, इथे काहीच नाहीये.’ आम्ही पाहतो तो खरोखरच काही नव्हते. गुरू केव्हाच नजरेच्या क्षेत्राबाहेर निघून गेला होता आणि आधीची मंडळी केवळ भिडेखातर होकार देत होती!

आता सुवर्णमहोत्सवी निधीतून नेत्रिका घ्यावयाच्या आहेत. कार्यकारिणीपुढे आलेल्या प्रस्तावांपैकी एका संचाच्या खोक्यावर ‘९०० पट’ असे ठळक छापले आहे. त्या प्रस्तावाविरुद्ध बोलण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

हिशेब अगदी साधा आहे. आरशाचे केंद्रांतर भागिले नेत्रिकेचे केंद्रांतर, म्हणजे वर्धन. आपल्या आरशाचे केंद्रांतर १२०० मिलिमीटर. त्या रात्री आम्ही लावली होती ती ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणून वर्धन ३०० पट. तिच्याआधी तिप्पट बार्लो भिंग घातले की झाले ९००. कागदावर यात काहीही खोटे नाही. परंतु आरसा जेवढा प्रकाश गोळा करतो, तेवढाच तो अधिकाधिक पसरत जातो. वर्धन दुप्पट केले की बिंबाची उजळता चौथाईवर येते. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही साधारण कमाल मर्यादा मानतात. आपल्याला ती ३०० पडते, आणि तीही हवा अत्यंत स्थिर असेल तर. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून रात्री उष्ण हवा वर उठत असते. तिच्यातून पाहिलेला गुरू, आम्हास क्षमा करावी, उकळत्या पाण्यातल्या बटाट्यासारखा दिसतो. बहुतेक रात्री १५० ते २०० पटींच्या पुढे जाऊन हाती काही लागत नाही.

वास्तविक ग्रहांना एवढ्या वर्धनाची गरजही नाही. पृथ्वीच्या निकट असताना गुरूचे बिंब सुमारे ४५ विकलांचे असते. ४० पट केले की ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढे होते! गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारे २० पटींच्या दुर्बिणीतून.

आमची सूचना अशी. दुर्बिणीबरोबर आलेली २५ मिलिमीटरची नेत्रिका ठेवावी. ग्रह शोधण्यास आणि गुरूचे चारही चंद्र एकत्र दाखवण्यास ती ४८ पटींची उत्तम आहे. तिच्या जोडीला प्लॉस्ल पद्धतीची १५ मिलिमीटरची एक नेत्रिका आणि दुप्पट करणारे एक चांगले बार्लो भिंग घ्यावे. म्हणजे ८० आणि १६० पट हाती येतात. (२५ मिलिमीटरला बार्लो लावून मिळणारे ९६ हे ८० च्या इतके जवळ आहे की ते जमेस धरू नये.) व्हिएन्नाच्या गेओर्ग प्लॉस्ल यांनी १८६० साली योजलेली ही चार भिंगांची रचना आजही स्वस्त आणि भरवशाची आहे.

मग ८ मिलिमीटरचीच प्लॉस्ल का नको, असे कोणी विचारील. कारण या रचनेत केंद्रांतर कमी होते तसे डोळा ठेवण्याचे अंतरही कमी होते. ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेला तर पापण्या घासतात आणि काच तेलकट होते. बार्लोसह १५ मिलिमीटरची वापरली तर ते अंतर सुखाचे राहते. चष्मा केवळ लांबच्या किंवा जवळच्या नजरेचा असेल तर तो काढून ठेवावा. नेत्रिका मागेपुढे सरकवून प्रतिमा स्पष्ट होते.

आपली दुर्बीण हाताने फिरवावी लागते, हाही मुद्दा आहे. प्लॉस्लचे क्षेत्र सुमारे ५० अंशांचे. १६० पटींना ग्रह मध्यावरून कडेला जाण्यास अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. ३०० पटींना वीसच सेकंद. तेवढ्यात साठी ओलांडलेल्या गृहस्थांनी पायरी चढावी, डोळा जुळवावा आणि पट्टे ओळखावे, ही अपेक्षाच अन्यायाची. रुंद क्षेत्राच्या महागड्या नेत्रिका ही अडचण थोडी कमी करतात, पण त्या एकीच्या किमतीत वाचनालयाचे एक कपाट येईल.

शनीविषयी एवढेच, की २०२५ साली त्याची कडी जवळजवळ मिटलेली होती. त्या वर्षी ज्यांना ती रेघेसारखी दिसली, त्यांनी नेत्रिकेला दोष देऊ नये.

पुढच्या वेळी आम्ही रांगेच्या तोंडाशी उभे राहू आणि प्रत्येकाला ‘दिसला का?’ असे न विचारता ‘पट्टे किती दिसले?’ असे विचारू. नाही दिसले तर निःसंकोच तसे सांगावे. दुर्बीण पुन्हा जुळवून देणे हे आमचे काम आहे. त्या छोट्या मुलीला मात्र आम्ही रांगेत पहिला नंबर कबूल केला आहे.