सूप आत जातं कसं? आणि मी आईला काय सांगितलं नाही

आजचा भाग खाण्याबद्दल आहे, आणि थोडा कबुलीजबाबही आहे. ज्यांना आत्ता हेडफोन लावणं शक्य नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय.

तर, मागच्या उन्हाळ्यात आई दोन महिने माझ्याकडे जर्सी सिटीला आली होती. आई चिपळूणची. मासे, कोंबडी, मटण सगळं खाते, आणि माझ्यापेक्षा चवीनं खाते. डुकराचं मात्र खात नाही. त्यावर आमच्याकडे कधी चर्चा वगैरे झाली नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.

एका रविवारी मी तिला मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये नेलं. पाथ ट्रेननं वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून चालत. वाटेत मासळीच्या दुकानाबाहेर जिवंत खेकडे दिसले, तर बाई तिथेच थांबल्या. भाव विचारला, मनातल्या मनात रुपयात केला, आणि "अगं बाई!" म्हणून पुढे निघाल्या.

आम्हाला जायचं होतं ते हॉटेल छोटंसं, पण बाहेर रांग ही एवढी. चाळीस मिनिटं उभे होतो. आईनं विचारलं, "ही सगळी माणसं एकाच ठिकाणी का राहतात रे?" मग मी माझं ज्ञान पाजळलं. १८८२ साली अमेरिकेनं कायदा करून चिनी कामगारांना यायलाच बंदी घातली. ती उठली थेट १९४३ मध्ये. जे आधीच आलेले होते ते एकमेकांच्या आधारानं अशा वस्त्यांमध्ये टिकले. आणि १९६५ च्या कायद्यानं देशांप्रमाणे ठरलेला कोटा गेला, तेव्हा चिन्यांसाठी दार उघडलं तसं आपल्यासाठीही उघडलं. आई म्हणाली, "म्हणजे तू पण त्याच दारातून आलास." मुद्दा बरोबर होता.

काचेपलीकडे एक काका पारी हातावर घेऊन, सारण भरून, भराभर चुण्या घालत होते. आई बघतच राहिली. "कळ्या काय सुरेख पाडतोय!" उकडीचे मोदक करणाऱ्या बाईकडून ही दाद म्हणजे पुरस्कारच.

या पदार्थाचं नाव शेंगजियान बाओ. मूळ शांघायचा. याचा भाऊ शाओलाँगबाओ, तो बांबूच्या टोपलीत नुसता वाफवतात आणि त्याची पारी पातळ असते. शेंगजियानची पारी जाड, थोडी आंबवलेली. कच्चेच गोळे मोठ्या सपाट तव्यात तेलावर ओळीनं लावतात, मग पाणी घालून वर झाकण. पाणी वाफेनं वरचा भाग शिजवतं, आणि पाणी आटलं की खालचा भाग खरपूस होतो. वरून तीळ आणि कांद्याची पात.

आता मला छळणारा प्रश्न: सूप आत जातं कसं? इंजेक्शन देतात की काय? तर नाही. सूप आत जाताना सूप नसतंच! डुकराची कातडी तासन्‌तास उकळतात. त्यातून जिलेटिन सुटतं आणि थंड झालं की रस्सा घट्ट होतो. पाया सूप फ्रिजमध्ये ठेवल्यावर थिजतं ना, तस्संच. ती जेली बारीक चिरून खिम्यात मिसळतात. गोळा गरम झाला की जेली वितळते आणि आत रस्सा तयार. काय भारी आयडिया आहे!

पण मंडळी, ऐकलंत ना? डुकराची कातडी. सारणही बहुतेक वेळा डुकराचंच. हे मला माहीत होतं.

टेबलावर सहा नग आले. आईनं विचारलं, "यात काय आहे रे?"

मी म्हणालो, "चिकन."

एक शब्द. का म्हणालो? चाळीस मिनिटांची रांग होती. मला वाटलं, एकदा चव घेतली की आवडेलच. आणि खरं सांगू? मी सगळं खातो म्हणजे मी पुढारलेला आणि ती मागे राहिलेली, असंही कुठेतरी डोक्यात होतं.

मी घाईनं मोठा घास घेतला आणि रस्सा सरळ शर्टावर. जीभ भाजली ती वेगळीच. आई खो खो हसली. तिनं नीट चमच्यात घेतलं, छोटं भोक पाडलं, फुंकर घातली, रस्सा प्यायली, मग काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खाल्लं. दोन खाल्ले. "छान आहे हं," म्हणाली.

आई रोजचा खर्च डायरीत लिहिते, त्यामुळे प्रत्येक बिल तिच्या पर्समध्ये जातं. परतीच्या ट्रेनमध्ये तिनं ते काढलं.

"पोर्क म्हणजे डुक्कर ना?"

"हो."

तिनं बिलाची घडी घातली, परत ठेवली. जर्नल स्क्वेअर येईपर्यंत एक शब्द नाही.

रात्री मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "बाटले वगैरे असं काही नाही रे. चवही चांगली होती. पण मी तुला विचारलं होतं. तू लहान असताना मी कडू औषध मधात घालून द्यायचे, तुला न सांगता. तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. मी एकसष्ट वर्षांची आहे."

यावर काय बोलणार? लोकेशन वापरायच्या आधी आम्ही ॲपला परवानगी मागायला लावतो. ती तर समोर बसून विचारत होती.

तेव्हा तुम्ही कुणाला असं काही खायला नेलंत, तर आधी सांगा. पारी बंद असते, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. समोरच्याला फक्त तुमचा शब्द असतो. नाही म्हणाले तर नाही. भाज्या भरलेले प्रकारही मिळतात, पण त्यात बहुधा रस्सा नसतो. का ते आता तुम्हाला कळलंच असेल.

भारतात परतायच्या आधीच्या रविवारी आई स्वतःच म्हणाली, "चल, त्या रांगेत उभं राहू." या वेळी तिच्यासाठी कांद्याच्या पातीचा चिनी पराठा मागवला. तिनं विचारलं, "यात काय आहे?" मी उठून काउंटरवर गेलो. मैदा, पात, मीठ. तेल कुठलं तेही विचारलं, कारण काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. सोयाबीनचं, म्हणाले. परत येऊन जसंच्या तसं सांगितलं.

तिनं पहिला तुकडा मोडला. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "थांब. आधी फुंकर घाल."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही घरच्यांना खाण्याबाबत असं कधी गंडवलंय का? जमलं तर आज रात्री त्यांनाच सांगून टाका. भेटू पुढच्या भागात!