जेवतांना ठसका कां लागतो?

श्रोतेहो, पौष-माघांतील सकाळ आहे. परभणीकडच्या काळ्या जमिनींत ज्वारी हुरड्यास आली आहे. बांधाजवळ आगटी पेटली असून भाजलेलीं कणसें चोळून गरम हुरडा पुढें येत आहे. सोबत शेंगदाण्याची तिखट चटणी आहे. शहराहून आलेला पाहुणा हुरड्याचा बकाणा भरतो, तशा भरल्या तोंडानेंच एक विनोद सांगूं लागतो, स्वतःच हंसतो, आणि दुसऱ्या क्षणीं त्याचा चेहरा लाल होऊन डोळ्यांना पाणी येतें. कोणी पाठ थोपटतो, कोणी तांब्या पुढें करतो, आजीबाई म्हणतात, "कोणीतरी आठवण काढली असेल!"

आठवणीचें खरें-खोटें कोणास ठरवितां येणार नाहीं. ठसक्याचें कारण मात्र निश्चित सांगतां येतें. मनुष्याच्या घशांत दोन वाटा एकमेकींस छेदतात. श्वास पुढच्या श्वासनलिकेंत जातो, घांस मागच्या अन्ननलिकेंत जातो. म्हणजे प्रत्येक घांसास श्वासाच्या दारावरूनच पलीकडे जावें लागतें. चार्ल्स डार्विन यांनीं १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत या विलक्षण रचनेकडे लक्ष वेधलें होतें.

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. कंठमणी झटकन वर चढतो व पुन्हा खालीं येतो. तेवढ्यांत टाळूचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचललें जातें, त्यावरील लवचिक झांकण मागें कलतें, स्वरतंतू एकमेकांस भिडतात आणि श्वास थांबतो. हा सारा व्यापार सुमारें एका सेकंदांत उरकतो. बोलण्यास व हंसण्यास मात्र हेंच दार उघडें असावें लागतें. हंसतां हंसतां गिळणें म्हणजे एकाच दारास एकाच वेळीं उघडण्याची व मिटण्याची आज्ञा देणें होय. न बोलतां, न हंसतां, मन लावून जेवावें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे तें या दृष्टीनें फार मार्मिक आहे.

इतकें असूनही एखादा कण आंत शिरलाच, तर तेथील ज्ञानतंतू मेंदूस वर्दी देतात. श्वास आंत ओढला जातो, दार मिटतें, छातीपोटाचे स्नायू आवळतात आणि दार एकाएकीं उघडून कोंडलेली हवा जोरानें बाहेर पडते. हाच ठसका. मिरचीच्या फोडणीनें सारें घर खोकतें, तेव्हां अन्न आंत गेलेलें नसतें. मिरचीतील दाहक द्रव्य हवेबरोबर जाऊन त्याच तंतूंस डिवचतें. पाण्याचा ठसका घांसापेक्षां अधिक लागतो, कारण पाणी चपळ असून दार मिटण्यापूर्वींच तेथें पोहोंचतें. वैशाखाच्या उन्हांतून आलेला मनुष्य मान मागें टाकून तांब्या वरून ओततो, तेव्हां तर हा धोका वाढतोच.

म्हणून ठसका दाबूं नये. लागलेल्या मनुष्यास किंचित पुढें वाकून मोकळेपणानें खोकूं द्यावें, आणि खोकला शमेपर्यंत पाणी देऊं नये.

परंतु घरांतील वृद्धांस रोजच चहापाण्याच्या वेळीं ठसका लागत असेल, तर तो म्हातारपणाचा म्हणून सोडून देणें बरें नव्हे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांचे गिळण्याचे स्नायू दुबळे होतात. कित्येक वृद्ध चारचौघांत संकोच वाटतो म्हणून पाणीच कमी पितात, पंगतीस बसेनासे होतात. पुढें एखाद्या दिवशीं ठसका बंद होतो, आणि आजोबांस आतां बरें वाटतें, असें घरचीं माणसें समजतात. कधीं कधीं याचा अर्थ अगदीं उलट असतो. घशाची जाणीवच मंदावली म्हणजे पेय निमूटपणें श्वासमार्गांत उतरतें आणि त्यांतून न्युमोनिया उद्भवतो. जेवणानंतर आवाज घोगरा व ओलसर होणें, वरचेवर ताप येणें, वजन घटणें, हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. अशांस ताठ बसवून, लहान घोट देऊन, सावकाश जेवूं घालावें. जेवतांच आडवें होऊं देऊं नये.

सर्वांत भयंकर प्रसंग म्हणजे घांस अडकून खोकतांही येत नाहीं व बोलतांही येत नाहीं, हा होय. मनुष्य गळा धरतो, ओठ काळेनिळे पडतात. घशांत घांस अडकल्यास खांद्यावर मुठीनें आघात करावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आजची रीत अशी: रोग्यास पुढें वाकवून खांद्यांच्या फऱ्यांमध्यें तळहाताच्या मुळानें पांच जोरदार थापा माराव्या. उपयोग न झाल्यास मागून कवेंत घेऊन, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून, आंत व वर असे पांच झटके द्यावे. हा उपाय १९७४ सालीं अमेरिकन शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनीं सुचविला. वर्षाच्या आंतील तान्ह्या मुलाचें व गर्भवतीचें पोट मात्र दाबूं नये. तेथें छातीवर दाब देतात. दोन्ही उपाय आळीपाळीनें चालूं ठेवून, दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चार-पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं शेंगदाणे, फुटाणे, सुपारी देऊं नयेत. खेळतां खेळतां खाल्लेला दाणा श्वासमार्गांत जातो, मूल क्षणभर खोकून शांत होतें, आणि पुढें कित्येक दिवस घरघर चालते. असा ठसका लागून गेला असल्यास डॉक्टरांस तें आवर्जून सांगावें. १८९७ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्टाफ किलियन यांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गांतील हाडाचा तुकडा नळी घालून काढला. त्याच मार्गानें आज दाणा काढतां येतो.

हुरड्याच्या पाहुण्याचा ठसका एव्हांना थांबला असेल. त्यानें उरलेला विनोद घांस गिळल्यावर सांगावा. आणि घरच्या आजोबांनीं चहाचा पेला पुढें घेतला म्हणजे घटकाभर कोणीतरी त्यांच्याजवळ बसावें, इतकेंच श्रोत्यांस सांगणें आहे.