हिशोबाला बसलेला बिशप

आजच्या भागात एका बिशपची गोष्ट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, धर्मशास्त्र काही माझा प्रांत नाही. हा माणूस मला सापडला तो गणितामुळे.

जॉन विल्यम कोलेन्सो, जन्म १८१४, इंग्लंडमधलं कॉर्नवॉल. आपल्याकडे रँग्लर म्हटलं की परांजपे आठवतात. हा १८३६ सालचा केंब्रिजचा सेकंड रँग्लर. त्याची अंकगणित-बीजगणिताची पुस्तकं इंग्लंडमधल्या शाळांत भरपूर चालली. १८५३ साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा बिशप झाला. तिथे झुलू भाषा शिकला, शब्दकोश केला, बायबलचं भाषांतर हाती घेतलं.

भाषांतराला मदत करायचा विल्यम न्गिदी नावाचा झुलू सहकारी. जलप्रलयाचा भाग आला तेव्हा त्याने सरळ विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? थंड देशांतले, उष्ण देशांतले सगळे प्राणी एकाच तारवात?

आता बघा, विचारणारा हाताखालचा माणूस, आणि सत्ता इंग्रजांची. 'श्रद्धा ठेव' म्हणून विषय संपवता आला असता. कोलेन्सो हिशोबाला बसला. इजिप्तमधून निघालेले सहा लाख पुरुष, म्हणजे बायका-मुलं धरून वीसेक लाख माणसं. एवढी माणसं आणि त्यांची गुरंढोरं वाळवंटात जगली कशी? आकडे जुळेनात. १८६२ पासून त्याने हे छापलं आणि गदारोळ उठला. केपटाउनच्या बिशपने त्याला पाखंडी ठरवून पदावरून काढलं. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल बेकायदा ठरवला.

पण मला जास्त भिडतो तो पुढचा भाग. धर्मग्रंथातले आकडे तपासणारा माणूस सरकारी कागद तरी न तपासता कसा सोडेल? १८७३-७४ मध्ये ह्लुबी सरदार लांगालिबालेलेवर बंडाचा ठपका ठेवून त्याला रॉबेन बेटावर धाडलं. कोलेन्सोने साक्षी तपासल्या आणि थेट लंडनला जाऊन दाद मागितली. यात शेपस्टन हा जुना जवळचा मित्र तुटला. १८७९ मध्ये इसांड्लवानाला झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. गोरी वस्ती सूडाने पेटलेली, आणि हा प्रवचनात विचारतोय की या स्वारीत आपण न्यायाने, दयेने वागलो का?

तो साम्राज्याच्या विरोधात नव्हता बरं का. इंग्रजी न्यायावर त्याचा विश्वास होता, आणि तो न्याय दिसेना म्हणूनच तो भांडत राहिला. १८८३ मध्ये तो वारला. झुलू त्याला सोबान्तू म्हणत, म्हणजे लोकांचा बाप.

उद्या मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर पोरगी 'पण हे असं का?' म्हणाली, तर घड्याळ बघू नका. एकदा हिशोब करून बघा. भेटू पुढच्या भागात.