काम सोपवता येते, दायित्व नाही
(चांदूर बाजार येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



हा संत्र्याचा आणि कपाशीचा मुलूख. जिनिंगमध्ये, थ्रेशरवर, मालमोटारींवर येथील माणसे राबतात. हात यंत्रात सापडतो तो एका क्षणात. भरपाईसाठी मात्र त्या घराला वर्षानुवर्षे उंबरठे झिजवावे लागतात. मालक म्हणतो, ‘कागद विमावाल्याकडे दिले आहेत.’ विमावाला म्हणतो, ‘चौकशी चालू आहे.’ अशा वेळी जबाबदारी नेमकी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. काम करताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे त्याचे सूत्र. यंत्राच्या साहाय्याने होणारी शेतीही त्याच्या अनुसूचीत होती. कंत्राटदाराच्या मजुराचे दायित्व मूळ मालकावर होते आणि हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरत होता. २०२० च्या अधिसूचनेनुसार वेतनाची मर्यादा १५ हजार रुपये धरली, तर तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूबद्दल होणारी रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होती. महिनाभरात ती न भरल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड. विमा कंपनी व्याज देईल, पण दंड मालकाच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली. मालकाच्या दायित्वाचे सूत्र मात्र कायम राहिले. घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध असल्यास, आता भरपाईस पात्र आहे.

अमेरिकेत स्वतःचा विमा स्वतःच वाहणारे मोठे उद्योग कामगारांचे दावे हाताळण्यासाठी बाहेरच्या प्रशासकांना नेमतात. आपल्याकडे २००१ मध्ये आरोग्य विम्यासाठी ‘टीपीए’ ही व्यवस्था नियमबद्ध झाली. तज्ज्ञ माणूस असेल तर काम वेगाने होते, हे मान्यच करावे लागेल. छोट्या जिनिंगमालकाला वैद्यकीय कागद आणि गणिताचे कोष्टक कोठून जमणार? पण ज्याला दावा रोखण्यातच लाभ दिसतो, त्याच्या हाती दाव्याची किल्ली गेली की सेवा संपते आणि अडवणूक सुरू होते.

महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. शेतकरी अपघात विमा योजना २००५-०६ पासून विमा कंपन्यांमार्फत चालली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव मिळाले. प्रस्तावात अनावश्यक त्रुटी काढणे, निर्णय लांबवणे अशा तक्रारी साचत गेल्या. अखेर एप्रिल २०२३ मध्ये शासनाने विमा कंपनी आणि सल्लागार हे दोन्ही दुवे काढले आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे निर्णय सोपवला. मृत्यूबद्दल दोन लाखांचे अनुदान देणारी ही योजना खातेदार शेतकऱ्याच्या घराची आहे. भूमिहीन मजुराला आधार मालकाच्या दायित्वाचाच.

म्हणून मालकाने बाहेरचा माणूस जरूर नेमावा. परंतु त्याचा मोबदला दावा किती घटवला यावर ठरवू नये. अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी. मृत्यूची भरपाई घरी नेऊन द्यायची नसते, ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावयाची असते. विधवेकडून परस्पर सही-अंगठा घेऊन दिलेल्या रकमेने मालक मोकळा होत नाही, कारण ही तरतूद तिच्या पदरात पूर्ण रक्कम पडावी यासाठीच आहे. मजुराच्या घरानेही कोऱ्या कागदावर अंगठा उमटवू नये आणि हजेरीची, वेतनाची नोंद जपावी.

मालक आणि मजूर एका कुटुंबाचे, असे आपण नेहमी म्हणतो. घरातला माणूस जायबंदी झाल्यावर कोणी त्याला मध्यस्थाकडे बोट दाखवत नाही. या वाक्याची कसोटी सभेत लागत नाही. ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, त्या घराच्या ओसरीवर लागते.