खुशाली दोन्ही बाजूंची



परदेशी नोकरीला गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो. त्या निमित्तानं का होईना, महिन्याकाठी त्याची आठवण निघते. स्वयंसेवक म्हणून गेलेला माणूस काहीच पाठवत नाही. राहण्याजेवणापुरता भत्ता मिळतो, त्यातूनच फोनचं कार्ड घ्यायचं. वर नातेवाईक विचारतात, "सेवाच करायची तर इतक्या लांब कशाला? इथे काय कामं कमी आहेत?" प्रश्न अगदीच गैर नाही. पण एकदा माणूस गेला की तो प्रश्न बाजूला ठेवायचा आणि त्याच्याशी बोलायचं कसं, याचा विचार करायचा.

असं कुणी परदेशाहून आपल्याकडेही आलेलं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, 1966 साली वयाच्या 68व्या वर्षी पीस कोरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या. पेशानं परिचारिका. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी सुमारे पावणेदोन वर्षं काम केलं. तिकडे जॉर्जियातल्या प्लेन्स या छोट्या गावी मुलं, सुना, नातवंडं. ऑक्टोबर 1967मध्ये जिमींना मुलगी झाली, तेव्हा आजी विक्रोळीत होती. या काळात त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे 1977 साली पुस्तकरूपानं निघाली. मला त्यात एक गोष्ट जाणवते. दूर गेलेल्या माणसाची पत्रं घरचे जपून ठेवतात, चारचौघांत वाचून दाखवतात. पण घरून त्या माणसाला जी पत्रं जातात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. वास्तविक परमुलखातला माणूस तग धरतो तो त्याच पत्रांवर.

मी स्वतः 2003 ते 2005 अशी दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशात होते. एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायचं, आणि तिथल्या मुलामुलींना शिकवायचं. मलेरियाच्या काचा तर रोजच्याच. 2004 साली तिथल्या सरकारनं एचआयव्हीवरची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि आमच्या दारातली रांग एकदम वाढली.

तिथे पोस्टमन घरोघरी येत नाही. टपाल येतं ते पेटीत. आमच्या रुग्णालयाची पेटी जिल्ह्याच्या ठिकाणी, ज्याला तिथे 'बोमा' म्हणतात. गाडी बोम्याला गेली की टपाल यायचं. वाईहून निघालेलं पत्र हाती पडायला दोनतीन आठवडे सहज लागत. मोबाइल होते, पण खरवडायच्या कार्डावर परदेशी बोलायचं म्हणजे मिनिटं मोजून. म्हणून दर रविवारी घरून फोन यायचा. तिथले दुपारचे चार म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. मिसकॉल द्यायची कला मात्र तिथल्या लोकांनी आपल्याइतकीच आत्मसात केलेली! त्याला ते 'फ्लॅश' म्हणतात.

पहिले तीन महिने सगळ्यांची पत्रं येतात. मग मित्रमंडळी गळायला लागतात. त्यात त्यांचा दोष नसतो. "इथे काय, नेहमीचंच," असं म्हणून ते लिहायचं थांबतात. पण मला हवं होतं ते नेहमीचंच. नळाला पाणी किती वाजता येतं, कोपऱ्यावरच्या वाण्यानं दुकान कुणाला विकलं, कुणाची म्हैस व्याली. माझी एक मैत्रीण एअरोग्रामवर बारीक अक्षरात, समासही न सोडता, असलंच काहीबाही लिहायची. मी ती पत्रं चारचार वेळा वाचायची. बाकीचे लिहायचे, "तू फार थोर काम करते आहेस." त्याला उत्तर काय लिहायचं?

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरांमध्ये एक पद्धत आहे. दूर असलेल्याला वाईट बातमी सांगायची नाही. "उगाच काळजी करत बसेल." ऑक्टोबर 2003मध्ये आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. रविवारी फोन आला की दादा म्हणे, "आई देवळात गेलीय." पुढच्या रविवारी, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." तिसऱ्या रविवारी ती माहेरी. आईला माहेर उरलं नव्हतं, मामा जाऊन चार वर्षं झाली होती. मी वहिनीला विचारलं, तर तिनं आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. पुढे मैत्रिणीच्या पत्रात सहज एक ओळ आली, 'काकू आता वॉकर धरून चालतात.' मला माहीत आहे असं धरूनच तिनं लिहिलं होतं.

मी रडले नाही, चिडले. फोनवर आई म्हणाली, "अगं, तू काम टाकून आली असतीस." म्हटलं, "आले असते की नसते, ते मला ठरवू द्यायचं होतं." खरं नुकसान निराळंच होतं. त्यानंतर दादा "सगळं ठीक आहे" म्हणाला की मला काही कळेना. ठीक म्हणजे ठीक, की ठीक म्हणजे आयसीयू? नुसता टेबलावर हात आपटला तरी दचकायला व्हायचं. प्रयोगशाळेत काच डोळ्याला लावावी आणि लक्ष वाईला असावं, हे रोग्यालाही परवडणारं नव्हे.

मग दादाशी सविस्तर पत्रानं बोलणं झालं. कुणी रुग्णालयात दाखल झालं तर त्याच दिवशी कळवायचं. मीही माझा ताप लपवायचा नाही. मलावीत मलेरिया मला दोनदा झाला, दोन्ही वेळा मी कळवलं. आणि तिसरी गोष्ट, जी लिहिताना दोघांचेही हात अडखळले: कुणाचं बरंवाईट झालं तर माझ्यासाठी थांबायचं की नाही. गावातून लिलाँग्वेला, तिथून अदिस अबाबा किंवा नैरोबी, मग मुंबई, मग वाई. दोन दिवस धरायलाच हवेत. मी लिहिलं, थांबू नका. वडिलांनी त्याच पत्राखाली सही केली. गणिताचे शिक्षक होते ते, त्यांना असल्या गोष्टी लेखी लागत.

फेब्रुवारी 2005मध्ये वडील गेले. दादाचा फोन रात्री आला, अर्ध्या मिनिटाचा. मी तिसऱ्या दिवशी पोचले. मुलगी येईपर्यंत थांबला का नाहीत, असं दादाला कुणी विचारलं, तेव्हा त्यानं ते पत्र काढून दाखवलं.

आता व्हॉट्सअॅप आलं आहे, चेहरा दिसतो, पैसे लागत नाहीत. म्हणून प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. चेहऱ्यावर हसू आणून लपवणं उलट सोपं झालं आहे. शिवाय नवीन गेलेली मुलं संध्याकाळभर घरच्यांशीच बोलत बसतात. मलावीत संध्याकाळी लोक अंगणात बसतात, मक्याच्या पिठाची उकड, न्सिमा, सगळे मिळून खातात. तिथे जाऊन बसल्याशिवाय भाषा येत नाही आणि माणसंही आपली होत नाहीत. रोज तासभर फोन करणाऱ्या मुलाला घरच्यांनीच म्हणावं, जा, शेजारी बसून ये.

माझ्या शेजारच्या बाई, रुग्णालयात दाई होत्या, त्यांचे आता मला आवाजी निरोप येतात. अर्धे चिचेवात, अर्धे इंग्रजीत. सुरुवात ठरलेली, "मुली ब्वांजी?" म्हणजे कशा आहात. मग आईच्या पायाची चौकशी. आई आता नव्वदीला टेकली आहे, तिला मी भाषांतर करून सांगते. परवा त्यांनी विचारलं, पाऊस लागला का? त्यांच्याकडे जूनमध्ये कडाक्याची थंडी, आणि आमच्याकडे कृष्णेला पाणी चढत होतं. आई म्हणाली, "त्यांना सांग, स्वेटर घाला."