नेतृत्व कोणाच्या मालकीचे?
(कार्यकर्ता अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



नेतृत्व हा काही थोड्या माणसांचा जन्मजात गुण असतो, ही समजूत समाजात फार खोलवर रुजलेली आहे. सरंजामशाहीत ती घराण्याच्या नावाने वावरत होती. भांडवलशाहीत ती कर्तबगारीच्या नावाने वावरते. समतेचा उद्घोष करणाऱ्या चळवळींतही तिने अनेकदा ठाण मांडलेले दिसते. ही समजूत खरी असेल तर लोकशाहीचा अर्थ फारच संकुचित होतो: बहुसंख्यांनी पाच वर्षांतून एकदा निवड करावी आणि कारभार मात्र मूठभरांनी हाकावा. म्हणूनच ही समजूत प्रत्यक्ष प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहणारे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या कार्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

लेविन यांचा जन्म १८९० साली, तेव्हा प्रशियात असलेल्या आणि आज पोलंडमध्ये मोडणाऱ्या मोगिल्नो या लहानशा गावी, एका ज्यू दुकानदाराच्या घरी झाला. बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच त्यांनी मित्रांसमवेत कामगार स्त्रीपुरुषांसाठी प्रौढशिक्षणाचे वर्ग चालविले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात लढले व जखमी झाले. १९२० साली, मार्क्सवादी विचारवंत कार्ल कोर्श संपादित करीत असलेल्या मालिकेत, त्यांची टेलरपद्धतीच्या सामाजिकीकरणावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. टेलरने घड्याळ लावून मजुराची प्रत्येक हालचाल मोजली होती. विचार करण्याचे काम व्यवस्थापकाचे आणि हात हलविण्याचे काम मजुराचे, अशी वाटणी केली होती. लेविन यांनी मोजमापाचे शास्त्र नाकारले नाही. श्रम हा एकीकडे भार असतो, तर दुसरीकडे माणसाच्या जीवनाला अर्थ देणारी गोष्टही असतो. तेव्हा उत्पादनाबरोबर श्रमाचे हे दुसरे मूल्यही वाढले पाहिजे आणि त्यासाठी शास्त्रज्ञ व कामगार यांनी एकत्र बसले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि लेविन यांना देश सोडून अमेरिका गाठावी लागली. त्यांची आई नाझींच्या वंशसंहारात बळी पडली. एक सुशिक्षित राष्ट्र एका माणसाच्या मागे आंधळेपणाने कसे जाते, हा प्रश्न त्यांच्यापुढे केवळ विद्यापीठीय कुतूहलाचा नव्हता.

आयोवा येथे १९३८-३९च्या सुमारास त्यांनी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे स्थापन करून प्रयोग केले. काही मंडळांत प्रौढ प्रमुख हुकूम सोडीत असे. काहींत तो मुलांबरोबर चर्चा करून काम ठरवीत असे. प्रयोगाच्या ओघात एका प्रमुखाने लोकशाहीच्या नावाखाली सारेच मोकाट सोडले, आणि त्यातून ‘सैल कारभार’ हा तिसरा प्रकारही अभ्यासाचा विषय झाला. हुकूमशाही मंडळांत काम भरपूर झाले. परंतु प्रमुख खोलीबाहेर जाताच ते थंडावे, आणि मुले एक तर मुकाट बसत किंवा एखाद्या दुबळ्या सोबत्यावर राग काढीत. लोकशाही मंडळांत प्रमुखाच्या गैरहजेरीतही काम चालू राही. महत्त्वाचे म्हणजे, प्रमुख आळीपाळीने निरनिराळ्या पद्धती वापरीत होते. माणूस तोच, पद्धत बदलताच परिणाम बदलला. याचा अर्थ असा की, नेतृत्व ही वर्तनाची रीत आहे आणि रीत शिकता येते.

यापुढचे पाऊल अ‍ॅलेक्स बॅव्हेलस या त्यांच्या सहकाऱ्याने टाकले. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेखाली मुलांचे खेळवर्ग घेणारे सामान्य कुवतीचे प्रमुख त्याने निवडले. अवघ्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यांच्या वागण्यात ठळक फरक पडला. नेतृत्वशिक्षणाची दारे सामान्य माणसाला उघडता येतात, याचा हा लहान परंतु नेमका पुरावा होय.

कारखान्यातील अनुभव मात्र अधिक बारकाईने पाहावा लागेल. व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथे पायजमे शिवणारा हारवूड हा कारखाना होता. त्याचा मालक आल्फ्रेड मॅरो हा स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि लेविन यांचा मित्र. तेथील कोच व फ्रेंच यांचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विख्यात आहे. कामाची पद्धत बदलावयाची होती. ज्या गटाला बदल फक्त कळविण्यात आला, त्यातील १७ टक्के कामगार चाळीस दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उत्पादन खालीच राहिले. ज्या गटांतील सर्वांना बदलाच्या आखणीत सामील करून घेतले, त्यांतील कोणीही त्या काळात नोकरी सोडली नाही. उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वाढले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. कामगारांनी ठरविले काय? बदल कसा करावा, एवढेच. बदल करावा की नाही, वाढीव उत्पादनाचे मूल्य कोणाच्या पदरात किती पडावे, हे त्या बैठकीच्या कक्षेबाहेर होते. सहभाग खरा होता, परंतु त्याचे कुंपण मालकाने घातलेले होते. लेविन यांच्या शास्त्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एकाच उदाहरणात सापडतात.

१९४६च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे वंशभेद निवारणाच्या कामासाठी एक शिबिर भरले. शिक्षक, समाजकार्यकर्ते, कामगार संघटनांतील काही माणसे, थोडे व्यापारी असे सुमारे चाळीस जण आले होते. दिवसभर चर्चा होई आणि रात्री निरीक्षक आपल्या नोंदी लेविन यांच्यापुढे मांडीत. एका रात्री काही शिबिरार्थींनी त्या बैठकीत बसण्याची परवानगी मागितली. लेविन यांनी ती दिली. आपल्याविषयीची नोंद ऐकून एका बाईने ठणकावून सांगितले की, घडले ते असे नव्हतेच. वाद झाला, आणि त्या वादातून सगळेच शिकले. पुढील रात्री इतरही शिबिरार्थी येऊ लागले. ज्याचा अभ्यास करावयाचा तो माणूस अभ्यासकाच्या शेजारी येऊन बसला! नेतृत्वशिक्षणाच्या इतिहासातील ही खरी क्रांती होय.

लेविन यांचे निधन फेब्रुवारी १९४७ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी झाले. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाची प्रयोगशाळा सुरू केली. पुढील दोन दशकांत तिच्या पद्धती मोठ्या कंपन्यांनी उचलल्या. वंशभेदाशी झुंजणाऱ्या शिक्षकांसाठी जन्मलेले शिक्षण साहेबलोकांच्या व्यक्तिमत्त्वविकासाचे साधन बनले. बाजाराचा नियमच असा आहे की, ज्ञान क्रयशक्तीच्या दिशेने वाहते. गरजेच्या दिशेने ते वळवावे लागते.

ते वळविता येते, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. टेनेसी राज्यात १९३२ साली माइल्स हॉर्टन व डॉन वेस्ट यांनी हायलँडर लोकशाळा काढली. तेथे गिरणी कामगार आणि खाणमजूर आपलेच अनुभव मांडून त्यांतून शिकत. रोझा पार्क्स १९५५च्या उन्हाळ्यात तेथील शिबिराला गेल्या होत्या. डिसेंबरमध्ये त्यांनी माँटगोमेरीच्या बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. १९५७ साली जॉन्स आयलंडवर निरक्षर कृष्णवर्णीयांना मतदार करणारा पहिला नागरिकत्व वर्ग सुरू झाला, तेव्हा शिक्षिका म्हणून निवड झाली ती बर्निस रॉबिन्सन या केशरचना करणाऱ्या बाईंची. १९६१ मध्ये राज्याने ती शाळा बंद पाडली. सामान्यांच्या हाती नेतृत्व जाणे किती धोक्याचे वाटते, हे सत्ताधाऱ्यांना शास्त्रज्ञांपेक्षा लवकर उमगते.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर, १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या आणि २०११ साली राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. कायद्याने खुर्ची दिली. परंतु सभा कशी चालवावी, हिशेब कसा तपासावा, ग्रामसेवकाला प्रश्न कसा विचारावा, हे शिक्षण कायद्याबरोबर आपोआप येत नाही. ते देणे हे चळवळीचे काम आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या शिबिरांना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, वक्ता निघून गेल्यावर काम चालू राहते काय? दुसरी, रात्री शिबिराचा आढावा घेतला जातो, तेव्हा त्या खोलीचे दार शिबिरार्थींना उघडे असते काय? या दोन प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते.